विश्लेषण : घरच्या गॅरेजमध्ये गाडीला सुपरचार्जर बसवता येतो का? ताकद किती वाढते, इंजिन कशाने फुटते आणि कायदा काय सांगतो?

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा, दुसऱ्या तीरावर अष्टमी आणि दोन्ही मिळून एक नगरपरिषद. हाकेच्या अंतरावर धाटावची औद्योगिक वसाहत. रासायनिक कारखान्यांच्या सांडपाणी टाक्यांमध्ये हवा सोडण्यासाठी जो 'रूट्स ब्लोअर' सर्रास वापरला जातो, तो इथल्या फिटर-टर्नर मंडळींना नवा नाही. हेच यंत्र आकाराने लहान करून मोटारीच्या इंजिनावर बसवले की त्याला सुपरचार्जर म्हणतात. मोबाइलवर घरगुती सुपरचार्जरच्या चित्रफिती पाहून जुन्या स्पोर्टी गाड्यांचे अनेक तरुण मालक विचारू लागले आहेत, की हे आपल्या घरामागच्या शेडमध्ये जमेल का? उत्तर आहे, जमते. पण इंजिनात हवा कोंबणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. त्या हवेसोबत वाढणारी उष्णता, इंधनाची भूक आणि कायदेशीर जबाबदारी सांभाळणे हा खरा प्रकल्प. तो अर्धवट राहिला, तर इंजिन, विमा आणि कधी कधी जीवही जाऊ शकतो.

सुपरचार्जर नेमके काय करतो?

पेट्रोल इंजिनाची ताकद त्यात किती पेट्रोल ओतले यावर नव्हे, तर किती हवा आत गेली यावर ठरते. इंधन वाढवणे सोपे असते. ते जाळायला पुरेशी हवा मिळणे अवघड. साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना हवा ओढून घेतो. म्हणजे वातावरणाचा दाब जेवढी हवा ढकलेल तेवढीच आत येते. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप. तो वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त दाबाने हवा आत ढकलतो. या जादा दाबाला 'बूस्ट' म्हणतात.

सुपरचार्जरचे ढोबळ प्रकार तीन. पहिला रूट्स : दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात आणि हवा एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला टाकतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. दुसरा ट्विन स्क्रू : यात दोन स्क्रू हवा यंत्राच्या आतच दाबतात, त्यामुळे ती तुलनेने कमी तापते. तिसरा सेंट्रिफ्युगल : यात टर्बोसारखे पंख्याचे चाक असते, पण ते पट्ट्यावर फिरते आणि त्याचा बूस्ट इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जातो.

टर्बो असताना हौशी मंडळी सुपरचार्जर का निवडतात?

टर्बो वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, सुपरचार्जर मात्र इंजिनाचीच ताकद खातो. त्यामुळे इंधन वाचवण्याच्या शर्यतीत कंपन्यांनी टर्बोला पसंती दिली. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगनच्या १.० लिटर टीएसआय गाड्या किंवा टाटांची १.२ लिटर टर्बो पेट्रोल नेक्सॉन ही त्याची रोजची उदाहरणे.

घरी काम करणाऱ्याचे गणित वेगळे असते. टर्बो बसवायचा तर लालबुंद तापणाऱ्या धुराचा मॅनिफोल्ड नव्याने बनवावा लागतो, शिवाय इंजिन ऑइलच्या येण्या-जाण्याच्या नळ्या ओढाव्या लागतात. रूट्स प्रकारच्या अनेक सुपरचार्जरमध्ये गिअरसाठीचे तेल यंत्रातच बंद असते. बूस्ट किती मिळणार हे मुख्यतः दोन पुलींच्या व्यासावर ठरते, म्हणजे तो अचानक हाताबाहेर जात नाही. पेडल दाबताच प्रतिसाद मिळतो. लेथवर पुली आणि पत्र्यातून ब्रॅकेट बनवू शकणाऱ्या माणसाला हे यंत्र जवळचे वाटते, ते यामुळेच.

घरी सुपरचार्जर बसवण्याची परंपरा कुठली?

मोटारीवर सुपरचार्जर बसवण्याचा मान सुरुवातीला श्रीमंतांच्या आणि शर्यतीच्या गाड्यांना होता. मर्सिडीजने १९२१ मध्ये 'कॉम्प्रेसर' गाड्या लोकांसमोर आणल्या. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३०च्या दशकात अमेरिकेत ड्यूसेनबर्ग एसजे गाडी बनली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी चढवली. साध्या ड्यूसेनबर्ग 'जे'ची ताकद २६५ अश्वशक्ती सांगितली जाई, तर सुपरचार्जर असलेल्या 'एसजे'ची ३२०.

हे यंत्र सामान्य मेकॅनिकच्या हाती आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. जनरल मोटर्सच्या 'सिरीज ७१' या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांना श्वास घेण्यासाठी रूट्स ब्लोअर लागत असे. ही इंजिने रणगाड्यांत, सैनिक उतरवणाऱ्या बोटींत, बसमध्ये आणि ट्रकमध्ये होती. युद्ध संपल्यावर त्यांचे ब्लोअर भंगारात स्वस्तात मिळू लागले आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ते फोर्डच्या व्ही८ इंजिनांवर चढवले. '६-७१' हे तिथले प्रसिद्ध नाव मुळात ट्रकच्या इंजिनाचे आहे : सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच.

आजचा घरगुती प्रकल्पही त्याच वाटेने जातो. मिनी कूपर एसच्या पहिल्या पिढीत ईटन कंपनीचा एम४५ हा सुपरचार्जर होता, मर्सिडीजच्या एसएलके २३० मध्ये एम६२. असे वापरलेले यंत्र मिळवायचे आणि दुसऱ्या इंजिनावर बसवायचे, ही जगभरची रीत. टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरच्या ५.० लिटर व्ही८ इंजिनावरही ईटनचाच सुपरचार्जर असे. पण तिथे इंजिनाचा प्रत्येक भाग त्या दाबासाठीच घडवलेला होता. फरक नेमका इथे आहे.

कोणता सुपरचार्जर आणि केवढी पुली, हे कसे ठरते?

हे गणित कागदावर मांडता येते. समजा, गाडीचे इंजिन १.६ लिटरचे आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते, म्हणजे एका फेरीला ०.८ लिटर. एम४५ मधील ४५ हा आकडा घन इंचांचा. एका फेरीत तो साधारण ०.७४ लिटर हवा टाकतो. क्रँकची पुली १५० मिलिमीटर आणि सुपरचार्जरची १०० मिलिमीटर ठेवली, तर इंजिनाच्या एका फेरीला सुपरचार्जर दीड फेरी फिरेल आणि १.१ लिटर हवा टाकेल. इंजिनाला हवी ०.८, मिळते १.१. ही जादा हवा मॅनिफोल्डमध्ये दाटते आणि मीटरवर साधारण ०.३ ते ०.४ बार बूस्ट दिसतो.

पुली लहान केली की बूस्ट वाढतो. हौशी माणसाला पहिला मोह इथेच पडतो. पण इंजिन ६,५०० फेऱ्यांवर असताना दीडपटीने सुपरचार्जर ९,७५० फेऱ्यांवर असतो. पुली ७५ मिलिमीटरची केली की तोच १३,००० वर जातो. प्रत्येक यंत्राची कमाल फेऱ्यांची मर्यादा कंपनीने ठरवलेली असते. ती ओलांडली की बेअरिंग जाते, रोटर एकमेकांना घासतात आणि ॲल्युमिनियमचा चुरा थेट इंजिनात शिरतो.

दाब ४० टक्के वाढला, तर ताकदही ४० टक्के वाढते का?

नाही. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचे टोक तापते, तसेच इथेही होते. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. कोकणात मे महिन्यात ३५ अंशांची हवा सहज असते. बॉनेटखाली ती आणखी गरम, पण हिशेबासाठी ३५ धरू. ती १.४ पट दाबली आणि रूट्स यंत्राची कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास मानली, तर बाहेर पडणारी हवा ९० अंशांच्या घरात जाते. दाब ४० टक्के जास्त, पण हवेचे प्रत्यक्ष वजन वाढते जेमतेम १८ ते १९ टक्के.

मध्ये इंटरकूलर बसवून तीच हवा ५० अंशांपर्यंत उतरवली, तर वाढ ३३ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे सुपरचार्जरइतकाच इंटरकूलर महत्त्वाचा. अनेक घरगुती प्रकल्पांत तो 'नंतर बघू' म्हणून मागे ठेवला जातो आणि गाडी पहिल्या दहा मिनिटांत जोरात, नंतर मरगळलेली वाटते. शिवाय हवा दाबायला जी ताकद लागते तीही इंजिनातूनच जाते. आपल्या उदाहरणात सहा हजार फेऱ्यांवर ती सुमारे ५ किलोवॅट, म्हणजे सात अश्वशक्तीच्या आसपास आहे. पट्ट्याचे आणि बेअरिंगचे घर्षण त्याखेरीज. शंभर अश्वशक्तीचे इंजिन अशा सौम्य बूस्टवर, सगळे नीट जमले तर, १२० ते १३० पर्यंत जाईल. दुप्पट होणार नाही.

ऑनलाइन मिळणारे 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर' खरे असतात का?

वरच्याच आकड्यावरून याचे उत्तर मिळते. १.६ लिटर इंजिनाला एवढा बूस्ट द्यायला किमान ५ किलोवॅट लागतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढी ताकद घ्यायची तर चारशेहून अधिक अँपिअर प्रवाह हवा. हवेच्या नळीत बसवायचा काही शे रुपयांचा पंखा त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. उलट पेडल पूर्ण दाबले असता तो हवेच्या वाटेत अडथळाच ठरतो. काही महागड्या गाड्यांत खरे विद्युत कॉम्प्रेसर असतात, पण त्यासाठी ४८ व्होल्टची वेगळी यंत्रणा असते. स्वस्त पंख्यावर पैसे घालवू नयेत.

जादा हवेला जादा इंधन कसे पुरवायचे?

प्रकल्पाचे सर्वांत नाजूक काम हेच. साध्या पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते. बूस्टमध्ये मिश्रण याहून बरेच घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले ठेवतात, कारण जादा पेट्रोल सिलिंडर थंड ठेवते. ढोबळ हिशेबाने १३० अश्वशक्तीला पूर्ण पेडलवर तासाला सुमारे ३५ किलो पेट्रोल लागेल. चार इंजेक्टरमध्ये वाटून आणि प्रत्येकाला २० टक्के उसंत ठेवून मोजले, तर एका इंजेक्टरची क्षमता मिनिटाला अडीचशे मिलिलिटरच्या आसपास हवी. मूळ इंजेक्टर त्याहून लहान असतील, तर वरच्या फेऱ्यांवर पेट्रोल कमी पडणार. पंप आणि फिल्टरचीही हीच परीक्षा.

दुसरी अडचण गाडीच्या मेंदूची, म्हणजे ईसीयूची. बूस्ट नसलेल्या गाडीचा मॅप सेन्सर जेमतेम वातावरणाच्या दाबापर्यंत मोजतो. त्यापुढे बूस्ट कितीही वाढला तरी ईसीयूला तो दिसत नाही आणि तो जुन्याच मापाने इंधन सोडतो. म्हणून जास्त दाब मोजणारा सेन्सर, बदलता येईल असा ईसीयू आणि धुरातले मिश्रण अचूक दाखवणारा 'वाइडबँड' सेन्सर या तीन गोष्टी चैनीच्या नाहीत, आवश्यक आहेत.

भारतात यात आणखी एक पदर आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. इथेनॉलला कमी हवा लागते, त्यामुळे ई२० पेट्रोलसाठी १४.७ ऐवजी साधारण १३.५ भाग हवा पुरते. परदेशी चित्रफितीतले आकडे उचलून जुनी गाडी ट्यून केली, तर मिश्रण ठरवल्यापेक्षा पातळ होते आणि बूस्टमध्ये पातळ मिश्रण म्हणजे धोका. जमेची बाजू अशी, की इथेनॉलने पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो. मात्र जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलला टिकणारे आहेत का, हे आधी तपासावे लागते.

इंजिन फुटते ते नेमके कशाने?

'जास्त बूस्ट दिला म्हणून फुटले' असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे. इंजिन मारणारी गोष्ट म्हणजे नॉकिंग. ठिणगी पडल्यावर मिश्रण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सुरळीत जळत जायला हवे. दाब आणि उष्णता फार वाढली, की न जळलेला उरलेला भाग स्वतःहून एकदम पेटतो. पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज येतो. गर्दीच्या रस्त्यावर, सायलेन्सरच्या घुमण्यात तो ऐकूही येत नाही. पण काही सेकंदांच्या जोरदार नॉकिंगने पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो, पिस्टनला भोक पडते किंवा हेड गॅस्केट उडते.

नॉकिंग वाढवणाऱ्या गोष्टी चार : गरम हवा, पातळ मिश्रण, पुढे ठेवलेले ठिणगीचे टायमिंग आणि मुळातच जास्त कॉम्प्रेशन. आजची अनेक साधी इंजिने इंधन वाचवण्यासाठी १०:१ किंवा त्याहून अधिक कॉम्प्रेशनची असतात. त्यावर बूस्ट चढवणे म्हणजे काठोकाठ भरलेल्या भांड्यात आणखी ओतणे. उपायही याच क्रमाने येतात : इंटरकूलर, घट्ट मिश्रण, बूस्टमध्ये मागे घेतलेले टायमिंग, थंड प्रकारचे स्पार्क प्लग आणि मर्यादेतला बूस्ट. या पाचांपैकी एकालाही बगल देऊन चालत नाही.

म्हणून पहिला खर्च सुपरचार्जरवर नव्हे, तर तपासणीवर करावा. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे, गळती तपासावी. लाख-दीड लाख किलोमीटर धावलेल्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनावर बूस्ट चढवणे म्हणजे त्याचा शेवट लवकर आणणे.

शेडमध्ये कोणती कामे होतात आणि कोणती होत नाहीत?

मोजमाप, पुठ्ठ्याचे साचे, ब्रॅकेटची आखणी, नळ्यांची मांडणी, वायरिंग, जुने भाग उतरवणे आणि नवे बसवणे ही कामे घरी होतात. औद्योगिक वसाहतीच्या आसपास चांगला टर्नर आणि ॲल्युमिनियमचे टिग वेल्डिंग करणारा कारागीर मिळतो. पुली, स्पेसर आणि मॅनिफोल्डचे फ्लँज त्याच्याकडून करून घेणे शहाणपणाचे.

ब्रॅकेटमध्ये दोन गोष्टी पाहाव्यात. सुपरचार्जरची पुली बाकीच्या पुलींच्या अगदी एका रेषेत हवी. मिलिमीटरभर फरकही पट्टा खातो किंवा उडवतो. आणि ब्रॅकेट इंजिनालाच घट्ट धरलेला हवा, बॉडीला नव्हे, कारण इंजिन हलते. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर असतील, तर पट्टा तुटल्यावर गाडी नुसती मंद होणार नाही, तापूनही बसेल.

विसरल्या जाणाऱ्या वस्तू लहान असतात. हलक्या पेडलवर हवा परत फिरवणारा बायपास व्हॉल्व्ह नसेल, तर सुपरचार्जर सतत राबतो आणि पेट्रोल जळते. क्रँककेसच्या श्वासाच्या नळीत एकदिशा व्हॉल्व्ह नसेल, तर बूस्ट खाली शिरून ऑइल सील बाहेर फेकतो. ब्रेकच्या बूस्टरला निर्वात इंजिनाच्या मॅनिफोल्डमधूनच मिळतो. त्या नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह खराब असेल, तर ब्रेक ऐन वेळी दगडासारखा कडक लागतो. हा भाग जुना असेल तर नवाच घालावा.

इंधनाच्या नळीवर स्वस्त क्लिप लावू नयेत. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल तीन बार किंवा त्याहून अधिक दाबाखाली असते. तापलेल्या इंजिनावर त्याचा फवारा उडाला की आग लागते. शेडमध्ये अग्निशामक हवाच. पावसाळ्यात झड लागते म्हणून दार-खिडक्या बंद करून इंजिन चालू ठेवणे तर जीवघेणे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; माणूस सावध होण्याआधीच भान हरपतो.

घरी होत नाही ते एक काम म्हणजे अंतिम ट्यूनिंग. ते डायनोवर, म्हणजे रोलरवर गाडी बांधून, जाणत्या ट्यूनरकडूनच करावे. कमी बूस्टपासून सुरुवात करून प्रत्येक टप्प्यावर मिश्रण, हवेचे तापमान आणि नॉकिंगची नोंद पाहत पुढे जायचे असते. रोहा-कोलाड रस्ता किंवा मुंबई-गोवा महामार्ग ही ट्यूनिंगची जागा नव्हे. तिथे एका हातात लॅपटॉप आणि पायाखाली पूर्ण पेडल असलेला माणूस समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव पणाला लावत असतो.

कायदा काय सांगतो?

इथे फारशी पळवाट नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, केरळमधून आलेल्या एका प्रकरणात, या कलमाचा हाच कडक अर्थ कायम केला आणि केरळ उच्च न्यायालयाचा सवलतीचा निर्णय रद्द ठरवला.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातले कलम १८२ए बदलले गेले. परवानगी नसलेला बदल, त्यात बाहेरून बसवलेले सुटे भागही आले, करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सुपरचार्जर, बदललेला धुराचा मार्ग, मोठा सायलेन्सर असे बदल वेगवेगळे मोजले जाऊ शकतात.

सीएनजी किटला परवानगी मिळते, मग याला का नाही, असा प्रश्न विचारला जातो. सीएनजी किटचे प्रकार पुण्यातील एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थांकडून तपासून मंजूर होतात आणि मग आरटीओ नोंदणी प्रमाणपत्रावर तशी नोंद करते. शेडमध्ये जुळवलेला सुपरचार्जर त्या चौकटीत बसत नाही.

विमा आणि पीयूसीचे काय?

विम्याचा करार कंपनीतून निघालेल्या गाडीवर झालेला असतो. इंजिनाची ताकद वाढवणारा बदल न कळवता केला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारण्याचे कारण कंपनीला मिळते. त्याहून गंभीर बाजू अपघातात दुसऱ्याचा जीव गेल्यास उभी राहते. बेकायदा बदल केलेली गाडी चालवत होता, ही बाब खटल्यात मालकाच्या विरोधात जाते आणि भरपाईचा बोजा त्याच्या घरावर येऊ शकतो. हा घोर तरुण मालकापेक्षा त्याच्या आई-वडिलांना जास्त असतो आणि तो अनाठायी नाही.

पीयूसीची पेट्रोल गाडीची चाचणी गाडी उभी असताना होते, म्हणून बूस्टमधला घट्ट धूर तिथे कदाचित दिसणार नाही. पण सतत घट्ट मिश्रणावर चालणारी गाडी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते आणि मग तीच चाचणी नापास होते.

मग असा प्रकल्प कुठे शोभतो?

बंदिस्त मैदानावर. मोटार शर्यतींची देशातली मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किट ही नावाजलेली मैदाने. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' या सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यती झाल्या आहेत. अशा ठिकाणी बदललेल्या गाड्यांचे स्वतंत्र गट असतात, रुग्णवाहिका असते, आगीची तयारी असते. गाडी तिथे ट्रकवर किंवा ट्रेलरवर न्यायची, चालवत नव्हे. रस्त्यावरची नोंदणी असलेली गाडी कायमची शर्यतीसाठी वापरायची असेल, तर काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन नोंदणीचे काय करायचे ते विचारून घ्यावे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना याहून चांगली वाट उपलब्ध आहे. 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेत महाविद्यालयीन संघ स्वतः बनवलेली एकआसनी गाडी उतरवतात. इंजिन ७१० सीसीपर्यंत आणि हवा येण्याच्या वाटेवर २० मिलिमीटरची अरुंद मान, या अटींत राहून टर्बो किंवा सुपरचार्जर लावण्याची मुभा असते. मुंबई-पुण्याचे संघ त्यात नियमित उतरतात. आयटीआय किंवा पदविका करणाऱ्या मुलालाही वापरलेले इंजिन लाकडी-लोखंडी स्टँडवर बांधून सुपरचार्जरचे काम शिकता येते. तिथे चूक झाली तर इंजिन जाते, माणूस नाही.

करावे की करू नये?

रस्त्यावर रोज चालवायच्या गाडीसाठी उत्तर स्पष्ट आहे : करू नये. कायदा आड येतोच, पण हिशेबही बसत नाही. तीस अश्वशक्तीसाठी सुपरचार्जर, इंटरकूलर, इंजेक्टर, ईसीयू, वाइडबँड आणि डायनो यांचा खर्च करून जी ताकद मिळते, ती कारखान्यातून टर्बो लावून आलेल्या छोट्या गाडीत वॉरंटीसह मिळते. जुन्या गाडीवर प्रेम असेल, तर तेच पैसे चांगले टायर, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश आणि इंजिनाच्या नीट ओव्हरहॉलवर खर्च केले, तर कोलाडच्या वळणांवर फरक जास्त जाणवेल.

मैदानासाठी किंवा शिकण्यासाठी करायचे असेल, तर क्रम उलटा धरावा. आधी इंजिनाची तब्येत, मग इंधन आणि ईसीयू, मग थंडावा, मग ब्रेक आणि सर्वांत शेवटी सुपरचार्जर. चित्रफितीत तो पहिल्या मिनिटाला दिसतो, कारण तो चमकतो. नदीपलीकडे रात्रपाळीला ब्लोअर सांभाळणाऱ्या कोणत्याही ऑपरेटरला विचारा. यंत्र चालू करायला एक बटण पुरते. त्याचे सगळे लक्ष दाबाच्या आणि तापमानाच्या काट्यांवर असते. गाडीवरचा ब्लोअर त्याला अपवाद नाही.